दाराबाहेर बसू नका, आत या

विशेष मुलांच्या घरच्यांसाठी : वाचकांचे प्रश्न

मी जळगावात विशेष शिक्षिका आहे. सुरुवात मुलांना शिकवण्यापासून झाली. आता माझा निम्म्याहून जास्त वेळ त्यांच्या आईवडिलांना आणि आजी-आजोबांना शिकवण्यात जातो. या वेळची पत्रं रावेरपासून शिरपूरपर्यंतची आहेत. काही चांगली पाच-सहा पानी आहेत. ती इथे थोडक्यात दिली आहेत आणि घर ओळखू येईल असा तपशील काढून टाकला आहे.

प्रश्न : माझा मुलगा ४ वर्षांचा आहे. बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही. डॉक्टरांनी ऑटिझम (स्वमग्नता) सांगितला. आठवड्यातून एकदा त्याला जळगावला थेरपीला नेते. ४५ मिनिटं तो आत असतो, मी बाहेर बाकावर. बाहेर आल्यावर मॅडम म्हणतात, आज छान बसला. घरी आलं की पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, "त्याचा बाप बी उशिरानंच बोलला व्हता, कायले हिंडवते त्याले?" मिस्टर केळीच्या गाड्या भरायच्या कामावर असतात, पहाटे जातात. नणंद पुण्याला बोलावते, तिथे रोज थेरपी मिळेल म्हणते. घर सोडून जावं का?
— एक आई, रावेर तालुका

उत्तर : ताई, पुण्याचं नंतर बोलू. आधी त्या बंद दाराचं बोलू.

आठवड्यातली ४५ मिनिटं मॅडमची. उरलेला सगळा आठवडा तुमचा, आजीचा, अंगणाचा. मॅडम आत काय करतात हे तुम्हाला दिसलंच नाही, तर घरी तुम्ही करणार काय? पुढच्या खेपेला सरळ सांगा, "मॅडम, मला आत बसायचंय. तुम्ही करता ते मला दाखवा. मग मी करते, तुम्ही बघा आणि माझं कुठे चुकतं ते सांगा." पालकांना शिकवणं म्हणजे एवढंच. दाखवायचं, करून घ्यायचं, सुधारायचं. बाहेर येऊन दोन मिनिटांत "घरी सराव घ्या" असं सांगण्याला मी शिकवणं म्हणत नाही.

काही जण म्हणतील, आई समोर असली की मूल काम करत नाही. पहिले काही दिवस हे खरं असतं. पण मुलाला जगायचं आहे आईसोबत, मग आईसोबतच काम करायला शिकवायला नको का? इतकं सांगूनही दार उघडत नसेल, तर जागा बदला. यात मी आडपडदा ठेवत नाही.

आता घरचं. तुमच्या भागात घरोघर केळी असतात म्हणून केळ्याचंच उदाहरण देते. मागे यावल तालुक्यातल्या एका घरी गेले होते. तिथला मुलगा तुमच्या मुलाएवढाच. त्याला केळं हवं झालं की तो आईचं मनगट धरून ओढायचा आणि तिचा हात टोपल्यावर नेऊन ठेवायचा. तोंडाकडे बघणं नाही, आवाज नाही. आई पटकन केळं सोलून अख्खं त्याच्या हातात द्यायची आणि परत चुलीकडे वळायची. तिचं काही चुकत नव्हतं, तिच्या हातात दहा कामं होती. पण मुलाला तिच्याकडे बघायची गरजच पडत नव्हती.

आम्ही एवढंच बदललं. आई उकिडवी बसली, तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं. न सोललेलं केळं तिने आपल्या हनुवटीजवळ धरलं आणि ती गप्प राहिली. मुलाने हात ओढला. ती गप्प. त्याने केळं हिसकायला बघितलं. तिने ते घट्ट धरलं, पण चेहरा हसराच ठेवला. मग क्षणभर त्याने वर बघितलं. त्याच क्षणी ती म्हणाली, "केळं!" आणि सालाची फक्त एक पट्टी सोलून एक घास दिला. पुन्हा थांबली. त्याने पुन्हा बघितलं, पुन्हा "केळं", पुन्हा एक घास. एका केळ्यात तो पाच-सहा वेळा तिच्याकडे बघून गेला. आधी दिवसभरात एकदा बघत नव्हता.

यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे थांबणं. आपण सारखं "बोल ना, बोल, काय पाहिजे, बोल" करत राहतो आणि मुलाच्या वाट्याला जागाच उरत नाही. मनात पाच आकडे मोजा. प्रश्न कमी विचारा. तो जे बघतोय, जे हातात धरतोय, त्याचं नाव एका शब्दात सांगा. मात्र तो रडवेला होईपर्यंत ताणू नका. मागण्याची हौस वाटली पाहिजे, भीती नाही. आणि त्या मुलाला लगेच शब्द आला असंही समजू नका. आधी बघणं आलं, मग बोट दाखवणं, आवाज त्यानंतर. काही मुलांना तोंडाने बोलणं फार थोडं येतं किंवा येतही नाही. त्यांच्यासाठी चित्रांची कार्डं असतात, हाताच्या खुणा असतात. चित्रं दिली तर मूल बोलायचं आळशी होतं ही समजूत खरी नाही. ती बेलाशक वापरा.

हे माझ्या मनचं नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ऑटिझम असलेल्या २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसोबत असं काम झालं, त्याचे निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात आले. तिथे पालकांना शिकवणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. पालक आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, तो पालकांसोबत बसून बघायचा आणि कुठे थांबायला हवं होतं, कुठे मुलाच्या मागे जायला हवं होतं, ते बोलायचं. पालक मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. जागतिक आरोग्य संघटनेचाही वाढीत मागे पडलेल्या याच वयाच्या मुलांच्या घरच्यांसाठी एक कार्यक्रम आहे. त्यात ९ गटबैठका आणि ३ घरभेटी असतात, आणि बैठकीत शिकतात ते घरचे. तुम्हीही मोबाइल डब्याला टेकवून ठेवा, पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि रात्री बघताना मुलाकडे न बघता स्वतःकडे बघा. तोच मॅडमना दाखवा. एका आठवड्याला एकच गोष्ट घरी न्या. पाच गोष्टी नेल्या तर एकही होत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. काही मुलं उशिरा बोलतात हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण उशिरा बोलणारं मूल बोट दाखवतं, हाकेला वळतं, आपल्याला काही दाखवायला आणतं. तुमच्या मुलात ते नाही, म्हणून थांबून चालणार नाही. त्याच्या कानाची तपासणी झाली आहे का, हे पत्रात नाही. झाली नसेल तर सगळ्यात आधी ती, बेरा चाचणीसकट (आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते त्यात बघतात). हाकेला न वळणाऱ्या प्रत्येक मुलाची ती व्हायलाच हवी. जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे लहान वयातच तपासणी आणि थेरपी करणाऱ्या विभागाची, चौकशी करा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अशी केंद्रं आली, अंगणवाडीत तपासणीला येणारं पथक त्याच कार्यक्रमाचं. तिथे पैसे लागत नाहीत.

आणि सासूबाईंना काम द्या. त्यांना बडबडगीतं, ओव्या येत असतीलच. रोज संध्याकाळी नातवाला मांडीवर घेऊन एकच गाणं म्हणायचं आणि ओळीचा शेवटचा शब्द गाळून त्याच्या तोंडाकडे बघत थांबायचं. महिनाभर तेच गाणं. ज्या आजीच्या हाती काम असतं ती "कायले हिंडवते" म्हणत नाही. शनिवार आला की ती स्वतः विचारते, मॅडमनं काय सांगितलं.

पुण्याला जाल तर मिस्टरांचं काम सुटेल, भाड्याची एक खोली, आणि मुलासोबत दिवसभर तुम्ही एकट्या. रोजची थेरपी मिळाली तरी आजी, अंगण, गोठा, ओळखीची माणसं जातील. माझं मत विचारता म्हणून सांगते, आज जाऊ नका. जायचंच तर तुम्हाला शिकून येता येईल अशा ठिकाणी, थोड्या मुदतीसाठी जा. दिल्लीत 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था एका आईनेच १९९१ साली सुरू केली, तिथे पालक मुलासोबत वर्गात बसून शिकतात. मुंबईत 'उमीद' ही संस्था २००१ पासून घरच्यांना सोबत घेऊनच काम करते. खर्चासाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' विम्याची चौकशी करा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम), बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं ते संरक्षण आहे, आणि ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही त्यात बसतो. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा, पुढे पावलोपावली लागेल.

प्रश्न : मोबाइलवर जाहिरात आली. 'पालक कोचिंग', तीन महिन्यांत मूल बोलेल याची खात्री, फी २५ हजार, ऑनलाइन. आमची मुलगी ५ वर्षांची आहे, तिला फिट येतात आणि गोळ्या चालू आहेत. ते म्हणाले, आमचा कोर्स सुरू केल्यावर गोळ्या हळूहळू बंद करता येतील. भरावी का फी?
— आई-बाबा, भुसावळ

उत्तर : भरू नका. आणि फिटची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. अचानक बंद केली तर फिट वाढतात, लांबतात, जिवावर बेततं.

ऑनलाइन शिकवणी वाईट असते असं मी म्हणत नाही. नंदुरबारच्या आतल्या गावांतून जळगावला येणं किती अवघड आहे हे मला ठाऊक आहे, आणि मी स्वतः कित्येक घरांशी व्हिडिओ कॉलवर काम करते. पण 'कोच' ही पाटी कुणीही लावू शकतं. विशेष शिक्षक, वाचा उपचार तज्ज्ञ, क्लिनिकल मानसतज्ज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, १९९२ च्या कायद्याने ती परिषद झाली. समोरच्या माणसाला नोंदणी क्रमांक विचारा आणि परिषदेच्या यादीत तपासा. खरा क्रमांक असलेल्याला विचारल्याचा राग येत नाही.

जो मूल न बघता खात्री देतो, त्याच्यापासून लांब राहा. चांगला मार्गदर्शक पहिल्या दिवशी तुमची सकाळ कशी जाते, मुलगी कुणाजवळ झोपते, तिला काय आवडतं, तुम्ही कशाने थकता हे विचारेल. खात्री देणारा माणूस यातलं काही विचारत नाही, कारण त्याच्याकडे सगळ्यांसाठी एकच तयार वस्तू असते. स्टेम सेलच्या (मूळ पेशी टोचण्याच्या) जाहिरातींचंही तेच. ऑटिझमसाठी तो मान्य उपचार नाही, आणि त्यापायी आपल्याकडच्या लोकांनी शेत गहाण टाकलेलं मी पाहिलं आहे. २५ हजारांत तुम्ही दोघं मुलीला घेऊन बालमेंदूविकार तज्ज्ञांना नीट दाखवून याल, आणि वर जवळच्या नोंदणीकृत थेरपिस्टकडे स्वतः बसून शिकायला पैसे उरतील.

प्रश्न : धुळ्यात एमआयडीसीत शिफ्टला असतो. मुलगी ९ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी. चालता येत नाही, पण सगळं समजतं. तिचं सगळं बायको करते. आता बायकोची कंबर गेली, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. मी भरवायला गेलो तर मुलीला ठसका लागतो, ती रडते, आई धावत येते आणि माझ्या हातातून चमचा घेते. मला हे जमेल का?
— एक वडील, धुळे

उत्तर : भाऊ, जमेल. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी परत परत वाचलं. असं विचारणारे वडील मला फार थोडे भेटतात आणि मला त्यांचं मोल वाटतं.

पहिली गोष्ट वहिनींसाठी आहे, त्यांना वाचून दाखवा. वहिनी, तुम्ही जवळ असाल तोवर मुलगी बाबांच्या हातून खाणार नाही आणि बाबाही शिकणार नाहीत. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या वेळेला घराबाहेर पडा. एकवीरा देवीला जाऊन या, पांझरेच्या काठी बसा, बहिणीकडे जा. फोन करून विचारू नका. एखाद वेळ ती अर्धपोटी राहील, त्याने काही बिघडत नाही.

आता भरवणं. ठसका बहुतेक वेळा बसण्यामुळे लागतो. मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून कधीच भरवू नका. खुर्चीत कंबर पार मागे टेकलेली, पाय लोंबकळते न ठेवता खाली पाटावर, पाठ सरळ, हनुवटी किंचित आत. लोडाच्या, गुंडाळलेल्या चादरीच्या आधाराने हे जमतं. तुम्ही समोर आणि तिच्यापेक्षा थोडं खाली बसा, म्हणजे बघायला तिला मान वर करावी लागणार नाही. छोटा, सपाट चमचा घ्या. चमचा जिभेवर टेकवा आणि ओठ तिला मिटू द्या. वरच्या दातांवर खरवडून घास आत टाकायची सवय असेल तर ती सोडा. एक घास गिळला हे गळ्याकडे बघून कळलं की मगच दुसरा. मऊ खिचडी, घट्ट वरण-भात, कुस्करलेलं केळं सोपं जातं. पाण्यासारखं पातळ मात्र पटकन श्वासनलिकेत जातं, म्हणून वाटीतून घोटघोट द्या, ओतू नका. जेवणानंतर अर्धा तास तिला बसतंच ठेवा. एवढं करूनही दर जेवणाला ठसका लागत असेल, जेवताना आवाज घरघरत असेल किंवा छातीत वारंवार कफ होऊन ताप येत असेल, तर अंदाजपंचे काही करू नका, डॉक्टरांना आणि गिळण्याचं बघणाऱ्या वाचा उपचार तज्ज्ञांना दाखवा.

उचलणं फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, तुमच्या सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊन. तोवर एवढं पाळा. आधी तिला सांगा, "आता उचलतोय." नऊ वर्षांच्या पोरीला पोत्यासारखं उचललं की तिचं अंग दचकून ताठ होतं आणि काम दुप्पट अवघड होतं. तिला विचारा, तिला हो-नाही कळवता येतं. डोळ्यांनी, मानेने, जसं येत असेल तसं. मग कंबरेत न वाकता गुडघ्यात वाका, एक हात तिच्या मांड्यांखाली, एक पाठीमागे, तिला छातीशी घट्ट घ्या आणि वळताना कंबर न पिळता पाऊल वळवा. हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. अजून दोन वर्षांनी ती तुम्हालाही एकट्याला झेपणार नाही, तेव्हा दोघांनी उचलायची सवय आजच लावा. खुर्ची, व्हीलचेअर अशा साधनांसाठी केंद्र सरकारची एडीआयपी योजना आहे. शिबिरं कधी लागतात ते जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारा. ग्रामपंचायत असो की महापालिका, स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून काय मिळतं ते लेखी अर्ज करून विचारा.

आणि एक काम पूर्ण तुमचं ठेवा. 'मदत' म्हणून अधूनमधून नव्हे, तर रोजचं, तुमच्या नावावरचं. मी सुचवेन रात्रीचं जेवण आणि झोपवणं. शिफ्ट बदलेल त्या आठवड्यात सकाळची आंघोळ. त्या वेळात वहिनी पाठीला शेक घेतील, नाहीतर शेजारी जाऊन बसतील. काय करायचं ते त्यांचं त्या बघतील.

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. नातू ७ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रातला जन्मजात फरक). गावातल्या शाळेने "आमच्याकडे सोय नाही, खास शाळेत घाला" म्हणून परत पाठवलं. खास शाळा ३० किलोमीटरवर आहे.
— एक आजोबा, अमळनेर तालुका

उत्तर : गुरुजी, शाळेला असं परत पाठवता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे शासनमान्य शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या खास शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. निवड तुमची, मुख्याध्यापकांची नाही. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पोच मागितली की निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा, आणि समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक तुमच्या केंद्राला कोण आहेत ते त्यांनाच विचारा.

प्रवेश मिळाल्यावर वर्गशिक्षकांशी भांडणाचा सूर ठेवू नका. साठ पोरांच्या वर्गात काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. एका कागदावर लिहून द्या : नातवाला काय येतं, काय आवडतं, कशाने चिडतो, चिडल्यावर कशाने शांत होतो, शी-शूला कसं सांगतो. एका वेळी एकच सूचना द्यावी, आणि सांगण्यापेक्षा दाखवलेलं त्याला लवकर कळतं, हेही लिहा. पहिले काही दिवस तुम्ही व्हरांड्यात बसायची परवानगी मागा. निवृत्त शिक्षकाला सहसा नाही म्हणत नाहीत. थायरॉइडची तपासणी दरवर्षी, डोळे आणि कान नियमित, आणि लहानपणी हृदयाचा इको झाला नसेल तर तो करून घ्या. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत या तक्रारी बऱ्याच असतात. मूल शिकत नाही म्हणून आपण हात टेकतो आणि खरं तर त्याला नीट ऐकूच येत नसतं.

प्रश्न : मी २० वर्षांची आहे, बाहेरगावी कॉलेजला. भाऊ १७ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी आले की सगळे पाहुणे म्हणतात, "आईबापानंतर तुलाच बघायचंय." मामी म्हणतात, लग्न ठरवताना भावाचं आधी सांगू नको. माझा भाऊ मला खूप आवडतो. पण मला कुणी विचारलंच नाही. आईबाबांपाशी हा विषय काढला तर आई रडते.
— एक बहीण, शिरपूर

उत्तर : बाळ, तुला विचारायला हवं होतं. मोठ्यांनी विचारलं नाही म्हणून तू अपराधी वाटून घेऊ नकोस. भाऊ आवडणं आणि त्याची जन्मभराची जबाबदारी घेणं या दोन गोष्टी आहेत. पहिली असून दुसरीबद्दल तू शंका घेऊ शकतेस. लग्नाच्या वेळी भाऊ लपवू नकोस. जे घर त्याचं नाव ऐकून मागे फिरेल ते आधीच फिरलेलं बरं.

आईबाबांना हे उत्तर वाचायला दे. दादा, वहिनी, मुलीला भावाचा सांभाळ आंदण दिल्यासारखा देऊ नका. दोघांनी तिला समोर बसवा आणि विचारा, तुला काय झेपेल, काय नाही. रडू आलं तर येऊ द्या, पण बोलणं अर्ध्यावर सोडू नका. तिच्या सोबतीने एक फाइल करा. भावाची औषधं, डॉक्टर, यूडीआयडी, बँकेचं पासबुक, त्याचा दिवस कसा जातो, कशाला घाबरतो, दुखलं तर कसं कळतं. आज हे सगळं फक्त आईच्या डोक्यात आहे. आईला उद्या दवाखान्यात राहावं लागलं तर घरात कुणालाच त्यातलं काही माहीत नसेल.

आणि त्याला जितकं स्वतःचं स्वतः करता येईल तितकं आत्तापासून शिकवा. सतरा वर्षं म्हणजे उशीर झाला असं मुळीच नाही. शर्ट घालायला शिकवताना शेवटची पायरी त्याच्यासाठी ठेवा. सगळी बटणं तुम्ही लावा, शेवटचं एक त्याने लावायचं, आणि 'झालं' असं त्यानेच म्हणायचं. ते पक्कं झालं की शेवटची दोन. सुरुवातीपासून शिकवलं की मूल दर वेळी मधेच अडकतं आणि हरल्यासारखं होऊन बसतं. असं उलटं शिकवलं की दर वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होतं. आंघोळ, अंथरूण घडी घालणं, कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवी आणि चिठ्ठी घेऊन दूध आणणं, सगळं याच पद्धतीने शिकवता येतं. दुकानदाराला आधी सांगून ठेवायचं, एवढंच. या सुट्टीत यातलं एक काम तू त्याला शिकव. तुलाही कळेल, तो किती शिकू शकतो.

आता कायद्याचं. तो १८ पूर्ण झाला की आईबाबा आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बँक, मालमत्ता, मोठ्या ऑपरेशनची संमती, अशा ठिकाणी अडतं. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तरीय समिती असते, ती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. तुमच्यासाठी ती धुळ्याला. अर्ज आईवडील करू शकतात, नातेवाईकही करू शकतात. आत्ता तो आईबाबांच्याच नावाने जाऊ दे. त्याच्या वाढदिवसाआधी आधार, जन्मदाखला आणि दिव्यांग प्रमाणपत्रावरची नावं एकसारखी आहेत ना ते तपासा. एका अक्षराच्या फरकासाठी लोकांना पुन्हा शिरपूर-धुळे फेऱ्या माराव्या लागतात. पुढे कधी तुझं नाव घालायचं की नाही, हे तुझं शिक्षण, नोकरी, घर लागल्यावर तू ठरव, आणि आईबाबांना तोंडाने सांग. तोवर पाहुण्यांना उत्तर द्यायचं काम बाबांनी घ्यावं.